एका सुताचा वाद : लिव्हरच्या जुन्या बारा बोरची पार्श्वभूमी

१८८७ची लिव्हरची, म्हणजे घोड्याखालची दांडी खाली-वर करून काडतूस भरण्याची, छऱ्याची बंदूक घडवणाऱ्या जॉन ब्राउनिंगचा कल खरं तर नळीखालची मूठ मागेपुढे सरकवण्याच्या पंप पद्धतीकडे होता. पण ती बनवणाऱ्या, अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या विंचेस्टर कंपनीचं नाव लिव्हरच्या रायफलींवर उभं होतं, म्हणून इथेही लिव्हरच लागला. हा हट्टच होता. यंत्रणा बोजड झाली आणि दहाच वर्षांत त्याच माणसाच्या १८९७च्या पंप बंदुकीने तिला मागे टाकलं. १९०१मध्ये जास्त दाब देणाऱ्या बिनधुराच्या दारूसाठी मजबूत आवृत्ती आली, पण फक्त दहा बोरमध्ये (बोर म्हणजे नळीच्या व्यासाचं माप). १९२०पर्यंत तीही संपली. काळ्या दारूसाठी घडलेली जुनी बारा बोर मात्र हजारो घरांत राहिली.

आजचा घोळ तिथलाच. तिचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती पोकळी, २⅝ इंचाचं, आताचं नेहमीचं काडतूस २¾ इंचाचं. फरक एका सुताचा. पण काडतुसावर छापलेली लांबी बार उडून तोंड उलगडल्यानंतरची असते. दुमडलेलं काडतूस आखूड असल्यामुळे जुन्या चेंबरमध्ये सहज बसतं, लिव्हर मिटतो आणि माणसाला वाटतं, जमलं. बार उडताना उलगडणारं तोंड पुढच्या निमुळत्या भागात घुसतं, छऱ्यांची वाट अरुंद होते आणि दाब चढतो. दारूही बिनधुराची असेल तर सव्वाशे वर्षांच्या पोलादावर दुहेरी भार येतो.

यावर काहींनी चेंबर कोरून वाढवलं. मला तो मार्ग चुकीचा वाटतो. दाब सर्वांत जास्त असतो तिथेच भिंत पातळ होते, शिवाय ‘आता दुकानातलं काहीही चालेल’ असा समज पसरतो. दारूचा प्रश्न जिथल्या तिथेच राहतो. जाणते लोक काडतुसाची नळकांडीच सूतभर कापतात, काळी दारू, पुठ्ठ्याच्या आणि नमद्याच्या चकत्या, छरे असं भरून तोंड गोल दुमडतात. यात बंदुकीला धक्का लागत नाही.

१९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातून काउबॉय पेहरावातल्या नेमबाजी स्पर्धा पसरल्या आणि या बंदुकांना पुन्हा मागणी आली. मग चीन आणि इटलीतून प्रतिकृती आल्या. त्या आजच्या काडतुसासाठीच बनलेल्या, दिसायला मात्र जुन्यासारख्या. एकाच मैदानावर दोन्ही असतात. काडतुसांच्या खोक्यावरचा ‘ड्रॅम’चा (काळी दारू मोजण्याच्या जुन्या वजनाचा) आकडाही फसवतो. काळ्या दारूच्या तेवढ्या भाराइतका वेग मिळेल, एवढंच तो सांगतो. तेवढ्या वजनाची बिनधुराची दारू भरली तर नळी फुटते.