रिकाम्या क्षितिजापर्यंत: सागरचित्रांतील भावाची पार्श्वभूमी

व्यक्तिचित्रात भाव दाखवायला डोळे असतात, ओठांची ठेवण असते, हातांची बोटे असतात. समुद्र रंगवणाऱ्याजवळ यांपैकी काहीच नसते. पाणी, आकाश आणि त्या दोहोंमधली एक रेषा, एवढ्याच भांडवलावर त्याला बघणाऱ्याच्या मनात भीती, हुरहूर, निवांतपणा किंवा एकाकीपण जागे करायचे असते. हे चित्रकारांनी कसे साधले याचा मागोवा घेतला, तर चित्रातला भाव आपले ठिकाण सतत बदलत आलेला दिसतो. प्रथम तो जहाजावर होता, मग आकाशात गेला, पुढे बघणारा जिथे उभा आहे त्या जागेत आला आणि अखेरीस रंगाच्या लेपातच मुरला.

युरोपात सागरचित्र हा स्वतंत्र प्रकार म्हणून रुजला तो सतराव्या शतकाच्या आरंभी, नेदरलँड्समध्ये. हार्लेमचा हेन्ड्रिक व्रोम हा त्याच्या आद्य चित्रकारांपैकी एक. त्याच्या चित्रांत क्षितिज उंचावर असते, दृश्य वरून पाहिल्यासारखे दिसते आणि शिडे, दोरखंड, निशाणे अगदी मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट असतात. पाणी तिथे जहाजाला तरंगत ठेवण्यापुरतेच आहे. १६२० च्या दशकात यान पोर्सेलिसने ही मांडणी मोडली. त्याने क्षितिज बरेच खाली आणले, भडक रंग टाळून चित्र करड्या-तपकिरी छटांत आवरले आणि दिमाखदार युद्धनौकांच्या जागी वाऱ्याशी झगडणाऱ्या लहान होड्या घेतल्या. क्षितिज खाली आणणे ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट आहे. पण तिच्यामुळे बघणाऱ्याचा डोळा जवळजवळ पाण्याच्या पातळीवर येतो. वरून पाहिलेली लाट म्हणजे पाण्यावरची एक सुरकुती असते, तीच समोरून पाहिली की आभाळ झाकणारी भिंत होते. शिवाय क्षितिज उतरल्यावर मोकळी झालेली सारी जागा आकाशाला मिळाली, आणि हवेच्या ओलसर, कोंदट करडेपणातून चित्राची मनःस्थिती ठरू लागली.

त्याच शतकाच्या उत्तरार्धात धाकट्या विलेम व्हान डी व्हेल्डेने दोन्ही टोके गाठली. साधारण १६८० च्या सुमाराची त्याची दोन चित्रे आज आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहेत. एकात संथ पाण्यावर उभे असलेले जहाज तोफ डागते आणि त्या धुराच्या लोटामुळेच भोवतालची स्तब्धता अधिक जाणवते. दुसऱ्यात वादळी झोताने जहाज एका बाजूला कलंडले आहे. तरीही भाव वाहून नेण्याचे काम अजून जहाजाकडेच होते, कारण त्या काळच्या प्रेक्षकासाठी जहाज म्हणजे मानवी जीव होता. याचा फार बोलका पुरावा एका घरगुती चित्रात सापडतो. गाब्रिएल मेत्सूने १६६४ ते १६६६ च्या दरम्यान रंगवलेल्या चित्रात एक तरुणी खिडकीच्या उजेडात पत्र वाचते आहे. मजकूर आपल्याला दिसत नाही. मात्र आपल्याकडे पाठ करून उभी असलेली मोलकरीण काखेला बादली धरून भिंतीवरच्या एका चित्राचा हिरवा पडदा बाजूला सारते, आणि त्या पडद्याआड खवळलेल्या समुद्रात सापडलेली जहाजे आहेत. पत्र वाचणारीचा चेहरा शांत आहे. तिच्या मनात काय चालले असावे, ते भिंतीवरचा समुद्र सांगतो.

जहाजाशिवाय, नुसत्या पाण्यातून भाव व्यक्त करण्याचा विचार चीनमध्ये मात्र याच्या चारशे वर्षे आधीच झालेला होता, हे इथे नमूद केलेच पाहिजे. तेराव्या शतकाच्या आरंभी, दक्षिण सुंग राजवटीत, मा युआनने पाण्याच्या बारा अभ्यासचित्रांचा संच केला. दोंगतिंग सरोवराच्या पानावर मासेमारीच्या जाळ्यासारख्या बारीक, हलक्या रेषा आहेत. पीत नदीच्या पानावर त्याच रेषा उसळून एकमेकींवर आदळतात. उजेड-सावलीचा आधार न घेता, केवळ रेषेची जाडी आणि वळण बदलून पाण्याचा स्वभाव उभा करण्याची ही किमया आजही थक्क करते.

युरोपात पुढचे वळण अठराव्या शतकात आले. ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्कने १७५७ मध्ये भव्यतेच्या अनुभवाचे मूळ भयात असल्याचे मांडले, आणि सुरक्षित जागेवरून पाहिलेल्या संकटाला सौंदर्यविचारात मानाचे स्थान मिळाले. क्लोद-जोझेफ व्हर्ने याच्या जहाजफुटीच्या चित्रांना मोठी मागणी होती, पण त्यांतल्या किनाऱ्यावर आक्रोश करणाऱ्या माणसांचे हावभाव आज थोडे नाटकी वाटतात. काय वाटून घ्यायचे ते ती माणसे आपल्याला आधीच सांगून टाकतात. जॉन कॉन्स्टेबलने हा भार पूर्णपणे आकाशावर टाकला. आकाश हे निसर्गचित्रातील भावनेचे मुख्य साधन आहे, असे त्याने १८२१ मध्ये आपल्या मित्राला पत्रात लिहिले होते. त्यानंतर काही वर्षांतच, क्षयाने आजारी असलेल्या पत्नीला हवापालट म्हणून ब्रायटनला नेले असता, त्याने समुद्रावरच्या पावसाचे एक छोटे तैलचित्र कागदावर झरझर उतरवले. ढगांतून समुद्राकडे ओढलेले काळे, रुंद फटकारे एवढाच त्यातला पाऊस आहे. कोणी रडत नाही, कोणी बुडत नाही, आणि तरीही ते चित्र जड मनाने सोडावे लागते.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत धाडसी वाटते ते कास्पार डेव्हिड फ्रीडरिखचे ‘समुद्रकाठचा संन्यासी’ हे चित्र. ते १८०८ ते १८१० या काळात रंगवले गेले आणि १८१० मध्ये बर्लिनच्या अकादमीत मांडले गेले. सुमारे १७१ सेंटिमीटर रुंदीच्या या कॅनव्हासचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग आकाशाने व्यापलेला आहे. खाली काळसर समुद्राचा अरुंद पट्टा, त्याखाली फिकट वाळू आणि त्या वाळूवर पाठमोरा उभा असलेला एक एवढासा माणूस. फ्रीडरिखने या समुद्रात आधी जहाजे योजली होती आणि नंतर ती रंगाखाली झाकून टाकली, हे चित्राच्या तांत्रिक तपासणीतून स्पष्ट झाले आहे. जहाजे गेल्यामुळे नजरेला दूरवर टेकायला काही उरले नाही. दोन्ही बाजूंना झाड, कडा असे काही नसल्याने चित्राला कडेचा आडोसाही नाही. लेखक हाइनरिख फॉन क्लाइस्टने हे चित्र पाहताना आपल्या पापण्याच कापून टाकल्यासारखे वाटते असे लिहिले, ते यामुळेच: डोळा मिटावा किंवा कशावर तरी विसावावा, अशी सोय चित्रकाराने ठेवलेली नाही. एकाकीपण त्या संन्याशाच्या चेहऱ्यावर नाही, कारण चेहरा दिसतच नाही. त्याच्या मागे उभे राहून त्याच्याच समोरची पोकळी पाहणाऱ्या आपल्याला ते जाणवते.

फ्रीडरिखने बघणाऱ्याला किनाऱ्यावर निदान उभे तरी राहू दिले. इंग्लिश चित्रकार टर्नरने ती जमीनही काढून घेतली. १८४२ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत मांडलेल्या त्याच्या हिमवादळाच्या चित्रात बंदराच्या तोंडाशी सापडलेली एक आगबोट आहे. क्षितिजाची रेषा शोधू गेले तर सापडत नाही. धूर, हिम, पाणी आणि उजेड एकाच भोवऱ्यात फिरतात आणि मध्यभागी आगबोटीची डोलकाठी तेवढी तग धरून असते. माणसाचा तोल सांभाळणारी गोष्ट म्हणजे क्षितिजाची आडवी रेषा. तीच पुसली की बघणाऱ्याच्या पोटात कालवाकालव होणारच. चार तास स्वतःला डोलकाठीला बांधून घेऊन आपण हे वादळ पाहिले, असे टर्नरने सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे, पण अभ्यासक तिच्याविषयी साशंक आहेत. कथा खरी असो वा नसो, चित्राची रचना मात्र किनाऱ्यावरच्या माणसाची नाही, वादळात सापडलेल्याचीच आहे. तेव्हाच्या समीक्षकांनी या चित्राची साबणाचा फेस आणि चुना म्हणून संभावना केली, आणि म्हाताऱ्या टर्नरला ते फार लागले.

त्याच्याच पुढच्या पिढीतल्या इव्हान आयवाझोव्स्कीने नेमके उलटे करून दाखवले. १८५० च्या ‘नववी लाट’ या प्रचंड चित्रात फुटक्या डोलकाठीला धरून काही माणसे जीव वाचवत आहेत, म्हणजे प्रसंग मरणाचाच आहे. पण लाटेच्या पातळ कडेतून आरपार येणारा हिरवट उजेड आणि सकाळचा ऊबदार पिवळा-गुलाबी रंग यांमुळे मनात उरते ती आशा. लाट हलती असते, समोर बसून ती रंगवता येत नाही, अशी त्याची धारणा होती, म्हणून तो समुद्र स्मरणातून रंगवत असे.

रंगाच्या लेपाने स्वतःच बोलू लागणे ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली घटना. १८६५ मध्ये फ्रान्समधील त्रूव्हील इथे गुस्ताव्ह कूर्बे आणि जेम्स व्हिसलर हे एकाच किनाऱ्यावर काम करत होते, आणि दोघांचा समुद्र केवढा वेगळा आहे! कूर्बेने पुढे एत्रता इथे रंगवलेल्या लाटा सुरीने थापलेल्या, गारगोटीसारख्या जड आहेत. व्हिसलरने रंग इतका पातळ केला की पाणी, वाळू आणि हवा एकमेकांत विरघळतात, आणि चित्राला नाव दिले ते संगीतातले, ‘निळ्या आणि रुपेरीची सुसंगती’. त्या चित्रात किनाऱ्यावर एकटी उभी असलेली आकृती कूर्बेची आहे.

फ्रेंच चित्रकार मोनेच्या १८७२ मधील ल हाव्र बंदराच्या सूर्योदयाच्या चित्रात एक बारीक गंमत दडलेली आहे. त्या चित्रातला नारिंगी सूर्य रंगाने उठून दिसतो, पण त्याचा उजळपणा सभोवतालच्या करड्या आकाशाइतकाच आहे. चित्राचा कृष्णधवल फोटो घेतला तर सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. रंग ‘इथे काहीतरी आहे’ म्हणतो आणि उजळपणा ‘नाही’ म्हणतो, त्यामुळे तो सूर्य जागच्या जागी थरथरल्यासारखा वाटतो. पहाटेची ती अर्धवट जागी, अनिश्चित अवस्था धुक्यापेक्षाही या विसंगतीतून आली आहे.

१९१४-१५ मध्ये पीट मोंड्रियनने नेदरलँड्सच्याच डोंबुर्ग किनाऱ्यावर धक्का आणि समुद्र रेखाटताना जहाज, क्षितिज, उजेड आणि शेवटी निळा रंगही बाजूला ठेवला. पांढऱ्या पृष्ठभागावर आडव्या-उभ्या लहान काळ्या रेषा उरल्या. खालच्या भागात काही उभ्या रेषा जवळ येऊन धक्क्याची चाहूल देतात आणि बाकी सगळीकडे त्या विखुरत जातात, जसे चमचमते पाणी दूर जाताना विखुरते.