ग्रॅम स्टेनिंगचा संच: रंग उतरत नाही, तो का?

ग्रॅम स्टेनिंगमध्ये जिवाणू रंगवून दोन गटांत ओळखतात: जांभळे राहतात ते ग्रॅम पॉझिटिव्ह, रंग उतरून गुलाबी दिसतात ते ग्रॅम निगेटिव्ह. बाटली परत करायला येणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: डीकलरायझर (रंग उतरवणारे द्रावण) कमजोर आहे, ई. कोलाय हा ग्रॅम निगेटिव्ह जिवाणू गुलाबी दिसायला हवा तो जांभळाच राहिला. परत आलेली प्रत्येक बाटली आम्ही ओळखीच्या जिवाणूंवर तपासतो. बहुतेक वेळा बाटली ठीक असते, स्मीअर, म्हणजे स्लाइडवर पसरलेला जिवाणूंचा थर, जाड असतो. म्हणून हा कागद संचासोबत देत आहोत.

कॉलनीतून (प्लेटवर वाढलेल्या जिवाणूंच्या पुंजक्यातून) माल किती घ्यायचा, इथेच सगळे चुकते. लूप (टोकाला कडी असलेली तार) भरून मुळीच घेऊ नका. स्लाइडवर लूपभर स्वच्छ पाणी ठेवा, सुईचे टोक कॉलनीला नुसते टेकवा आणि पाण्यात फिरवून दीड-दोन सेंटिमीटर पसरवा. ब्रॉथमधले कल्चर (द्रव माध्यमात वाढवलेले जिवाणू) असेल तर पाणी नको, त्याचाच एक लूप पुरे. हवेत पूर्ण वाळू द्या. इंदूरच्या पावसाळ्यात याला वेळ लागतो, म्हणून घाईने ओली स्लाइड ज्योतीवर धरली जाते आणि पेशी उकळून फुटतात. वाळलेल्या स्मीअरची झाक जेमतेम धुकट दिसली पाहिजे. आता स्लाइड या कागदावर ठेवा.

ही ओळ स्मीअरमधून स्पष्ट वाचता आली, तरच पुढे जा.

अक्षरे झाकली गेली तर ती स्लाइड रंगवूच नका, दुसरी करा. स्मीअर पास झाला की ज्योतीतून दोन-तीनदा झटकन फिरवा. हाताच्या पाठीला काच कोमट लागावी, चटका बसू नये.

जाडीने एवढे का बिघडते? क्रिस्टल व्हायोलेट (जांभळा रंग) आणि आयोडीन मिळून पेशीच्या आत मोठा संयुग-कण तयार होतो. कापड रंगवताना तुरटी जसा रंग धरून ठेवते, तसे इथे आयोडीनचे काम आहे. ग्रॅम पॉझिटिव्ह पेशीची पेप्टिडोग्लायकन या जाळीदार पदार्थाची भिंत जाड असते. अल्कोहोलने तिच्यातले पाणी निघते, जाळी आवळते आणि रंग आत अडकतो. ग्रॅम निगेटिव्हची भिंत पातळ, वर मेदयुक्त बाह्य पटल. अल्कोहोल ते पटल विरघळवते आणि रंग बाहेर वाहून जातो. पण पेशी एकावर एक रचलेल्या असतील तर खालच्या थरापर्यंत अल्कोहोल पोचतच नाही. मग विद्यार्थी आणखी अल्कोहोल ओततो आणि कडेच्या पातळ भागातल्या ग्रॅम पॉझिटिव्ह पेशींचाही रंग जातो. एकाच स्लाइडवर मध्ये जांभळे ढीग आणि कडेला गुलाबी पेशी दिसल्या, तर दोन जातींची भेसळ आहे असे लिहिण्याआधी जाडी आठवा.

वेळा अशा: क्रिस्टल व्हायोलेट 1 मिनिट, पाणी, आयोडीन 1 मिनिट, पाणी, मग स्लाइड तिरकी धरून अल्कोहोल थेंब-थेंब सोडा. साधारण 10 ते 20 सेकंदांत ओघळ रंगहीन होतो. त्याच क्षणी पाणी. शेवटी सॅफ्रानिन (गुलाबी रंग) 1 मिनिट. नळाची धार थेट स्मीअरवर नको, वरच्या कडेने वाहू द्या.

आमच्या डीकलरायझरमध्ये ॲसिटोन का नाही, असेही विचारतात. ॲसिटोन-अल्कोहोल काही सेकंदांतच रंग काढते. सरावलेल्या हाताला ते सोयीचे, पण नवख्याला थांबायला सवडच मिळत नाही. नुसते 95 टक्के एथिल अल्कोहोल संथ आहे, आणि शिकणाऱ्याला तेच हवे. रोज ढीगभर स्लाइड करणाऱ्या लॅबसाठी ॲसिटोनवाली बाटली वेगळी मिळते.

कल्चर 18 ते 24 तासांचेच घ्या. शनिवारी इन्क्युबेटरमधून काढलेली प्लेट सोमवारी रंगवली, तर बॅसिलससारखा पक्का ग्रॅम पॉझिटिव्हही गुलाबी दिसू शकतो, कारण म्हाताऱ्या पेशींची भिंत रंग धरत नाही. तो दोष कुठल्याही बाटलीने भरून निघणार नाही.

प्रत्येक स्लाइडवर नमुन्याच्या एका बाजूला ई. कोलाय आणि दुसऱ्या बाजूला बॅसिलस सबटिलिस असे दोन छोटे ठिपके हवेतच. हे दोन बरोबर रंगले तर रंगही ठीक आणि हातही ठीक. ज्यांच्याकडे ही कल्चर्स नाहीत त्यांच्यासाठी दोन्ही ठिपके फिक्स केलेल्या (ज्योतीच्या उष्णतेने काचेला चिकटवलेल्या) तयार स्लाइड आम्ही ठेवतो. नमुना तेवढा मधल्या जागेत पसरायचा. घरी सराव करायचा असेल तर दह्याची निवळी दसपट पाणी घालून वापरा. जांभळे दांडके आणि साखळीतले गोल जिवाणू दिसतील. मागची गुलाबी पुटे दुधातल्या प्रथिनांची, ती जिवाणू म्हणून मोजू नका.

आणि ‘ग्रॅम’ हे वजन नव्हे, आडनाव आहे. डॅनिश डॉक्टर हान्स क्रिश्चियन ग्रॅम यांनी 1884 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. जर्नलमध्ये तसे लिहा.

आयोडीनची बाटली उन्हापासून दूर, झाकण घट्ट. गडद तपकिरी द्रावण फिकट पिवळे झाले तर ते निकामी. विकत घेऊन महिना झाला नसेल तर बदलून देतो. डीकलरायझरची तक्रार असेल तर बाटलीसोबत रंगवलेली, वाळलेली स्लाइडही आणा. दुकानातल्या मायक्रोस्कोपवर 100 एक्स भिंगाखाली तेल घालून तुमच्यासमोरच पाहू. रुग्णांचे नमुने किंवा उघड्या प्लेट मात्र दुकानात आणू नका.