अँप घेताना आकडे बघायचे की कान? हा वाद आला कुठून

भारीतला अँप (म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, सिग्नल मोठा करून स्पीकर वाजवणारा डबा) घ्यायचा म्हटलं की दोन पार्ट्या पडतातच, एक म्हणते मेजरमेंट बघा, दुसरी म्हणते ऐका आणि आवडला तर घ्या. मला वाटतं हे भांडण कान विरुद्ध मीटर असं कधी नव्हतंच, मीटर कुठे लावला आणि ऐकलं कसं यावरूनच सगळं पेटलं.

सुरुवातीला दोन्ही गोष्टी जुळत होत्या. १९४७ ला वायरलेस वर्ल्ड मासिकात विल्यमसन यांचा १५ वॅटचा व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीची काचेची नळी) अँप छापून आला, निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत इनपुटला देणं) वापरून डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ सिग्नलमध्ये होणारा बिघाड, ०.१ टक्क्यावर आणलेलं, आणि तो ऐकायलाही मस्त होता, त्यामुळं आकडा कमी म्हणजे आवाज चांगला हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

मग साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आले आणि गाडी रुळावरून घसरली. कागदावर डिस्टॉर्शन कमी, पण ऐकणारे म्हणायचे आवाज कर्कश आहे, कान दुखतात. झालं होतं असं की क्लास बी सर्किटमध्ये वेव्हचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर आणि खालचा दुसरा सांभाळतो, त्यामुळं सिग्नल शून्यातून जाताना एक ट्रान्झिस्टर बंद होतो आणि दुसरा चालू होतो, त्या जागी वेव्हमध्ये बारीक खाच पडते. ती खाच आवाज हळू केला तरी तेवढीच राहते, म्हणजे हळू आवाजात तिचं प्रमाण उलट वाढतं, आणि आपण घरी बऱ्याचदा एखाद्या वॅटवरच ऐकतो. कंपन्या आकडा द्यायच्या फुल पॉवरचा! शिवाय ही खाच वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या कितीतरी पट वरचे जादा सूर) तयार करते, ते कानाला लगेच टोचतात, व्हॉल्व्हचे खालचे हार्मोनिक गाण्यातच मिसळून जातात. बीबीसीचे शॉर्टर १९५० लाच सांगत होते की वरच्या हार्मोनिकना जास्त वजन द्या, पण जाहिरातीत एकच आकडा सोपा पडतो.

सत्तरच्या दशकात जपानी कंपन्यांची डिस्टॉर्शनच्या आकड्यात दशांश चिन्हानंतरची शून्यं वाढवायची स्पर्धा लागली. वॅटच्या थापा तर इतक्या वाढल्या की १९७४ ला अमेरिकन सरकारला नियमच करावा लागला (आपल्याकडे नव्वदीत टू-इन-वनवर पीएमपीओचे, म्हणजे फुगवलेल्या वॅटचे, स्टिकर असायचे, तोच प्रकार). या सगळ्याला कंटाळलेल्या लोकांना स्टिरिओफाइल (१९६२) आणि अ‍ॅब्सोल्यूट साउंड (१९७३) ही मासिकं आपली वाटली, कारण तिथं माणूस घरी बसून ऐकायचा आणि जे ऐकलं ते लिहायचा.

पण ऐकण्याचीही परीक्षा झाली. १९७८ ला क्वाड या ब्रिटिश अँप कंपनीने आपलेच तीन अँप, एक व्हॉल्व्हचा आणि दोन ट्रान्झिस्टरचे, आवाजाची लेव्हल जुळवून, कुठला वाजतोय ते न सांगता पॅनलला ऐकवले, आणि पॅनलला ते ओळखता आले नाहीत.

माझ्या मते सगळ्यात भारी किस्सा १९८५ चा. अँप बनवणारे अमेरिकन डिझायनर बॉब कार्व्हर यांनी स्टिरिओफाइलला सांगितलं, तुमचा आवडता महागडा अँप द्या, माझा स्वस्तातला ट्रान्झिस्टर अँप ४८ तासांत हुबेहूब तसाच वाजवून दाखवतो. दोन्हींना एकच सिग्नल द्यायचा, आउटपुटमधला नुसता फरक ऐकायचा, आणि तो गायब होत जाईपर्यंत सर्किट बदलत राहायचं. आधी संपादकांना फरक कळत होता, कार्व्हर परत कामाला बसले, आणि शेवटी संपादकांनाही तो सापडेना. म्हणजे आवड खोटी नव्हती, ती मोजता येत होती!

अशा मोजता येणाऱ्या फरकांतली एक मोठी गोष्ट म्हणजे आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे करंट बाहेर देताना अँपचा स्वतःचाच अडथळा. व्हॉल्व्हच्या अँपमध्ये, विशेषतः ३००बी नावाचा व्हॉल्व्ह लावलेल्या सिंगल एंडेडमध्ये (जिथं अख्खी वेव्ह एकाच बाजूचा व्हॉल्व्ह सांभाळतो), तो बराच जास्त असतो, त्यामुळं स्पीकरचा इम्पीडन्स जिथं वर-खाली होतो तिथं टोनही बदलतो, आणि तोच अँप एका स्पीकरवर गोड वाटतो तर दुसऱ्यावर फुसका.

१९८६ ला जॉन अ‍ॅटकिन्सन स्टिरिओफाइलचे संपादक झाले आणि काही वर्षांत तिथं ऐकलेल्या रिव्ह्यूच्या खाली मेजरमेंटही छापायला लागले. कधी कधी दोन्ही जुळत नाहीत, लिहिणारा खूश आणि खालचा ग्राफ वाईट, तरी ते तसंच छापतात, आणि नवीन अँपबद्दल वाचताना मी आधी तोच भाग शोधतो.