माशांचा हौद: नळाचं पाणी की बोअरचं?

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि तो माशांचे कल्ले जाळतो, हे हौद बांधणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. उघड्या, उथळ हौदात उन्हाने तो एक-दोन दिवसांत जातो. झाकणबंद टाकीत साठवलेल्या पाण्याचा मात्र भरवसा नाही. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट: लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन धरून १००० लिटरला ७ ग्रॅम. नळाचं एवढंच.

खरा घोळ बोअरचा. ‘यात औषध नाही, सरळ सोडा’ असं जळगाव-धुळ्याकडे कुणीही छातीठोक सांगतं. मोटर लावून हौद काठोकाठ भरतात, मासे सोडतात, आणि थोड्याच वेळात मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागतात. मग खापर फुटतं क्षारांवर! जमिनीखालच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू बहुधा फार कमी असतो आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर. मासे गुदमरतात ते त्यामुळे. क्षार मोजणारं टीडीएसचं पेन यातलं काहीच दाखवत नाही, तरी जो तो तेच बुडवून निकाल देतो.

पाइपाचं तोंड दोन-तीन फूट उंच बांधा, भोकं पाडलेल्या पत्र्यावरून पाणी पडू द्या, वर रात्रभर एअर पंप चालवा. पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता-अल्कता, मोजायचा तो दुसऱ्या दिवशी. मोटरीतून आलेलं पाणी ७.२ दाखवत असलं तरी कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यावर तेच ८.२ वर जाऊ शकतं. हा एक आकडा वाढला की माशांच्या मलमूत्रातून आणि उरल्या खाद्यातून पाण्यात आलेल्या त्याच अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. म्हणून नव्या हौदात मासे मोजके आणि खाद्य चिमूटभर.

हवा खेळवलेलं बोअरचं पाणी मचूळ नसेल, तर नळापेक्षा तेच घ्यावं. त्यातले बायकार्बोनेट पीएच धरून ठेवतात. आरओचं पाणी हौदात ओतणं म्हणजे पैसे देऊन नुकसान. पीएच सावरणारं त्यात जवळजवळ काहीच उरत नाही.

मे महिन्यात उडतं ते नुसतं पाणी, क्षार हौदातच राहतात. त्यामुळे वरून भर घालत बसू नका. आठवड्याला चौथा हिस्सा काढा आणि हवा खेळवून ठेवलेलं पाणी संध्याकाळी बारीक धारेने भरा. काढलेलं पाणी अळूला द्या.