जनसुनावणी आणि सार्वमत: एका भूखंडाच्या झोनबदलात लोकांचे म्हणणे कसे मोजले जाते

शहरातील एखाद्या भूखंडाचा झोन, म्हणजे तेथे काय आणि किती बांधता येईल हे ठरवणारा विभाग, बदलून तेथे पाच-सहा मजली घरे बांधण्याचा प्रस्ताव पुढे येतो, तेव्हा जागेवर फलक लागतो, हरकती व सूचना मागवल्या जातात आणि एके दिवशी जनसुनावणी होते. सुनावणीनंतर बहुधा ठरलेली तक्रार ऐकू येते: बोलणाऱ्या पन्नास जणांपैकी चाळीस जण विरोधात होते, तरीही ठराव मंजूर झाला, मग आम्हाला विचारलेच कशाला? ही तक्रार प्रामाणिक असते. परंतु तिच्यात जनसुनावणी आणि सार्वमत या दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते.

सार्वमतात डोकी मोजली जातात. मतदार कोण, किती टक्के मते पडली म्हणजे प्रस्ताव संमत आणि निकाल कोणावर बंधनकारक, हे सारे आधी ठरलेले असते. मतदाराला कारण कोणी विचारत नाही आणि त्याने ते देण्याची गरजही नसते. जनसुनावणीत याच्या नेमके उलट घडते. निर्णय घेण्याचा अधिकार निवडून आलेल्या सभागृहाकडेच राहतो आणि तो वापरण्यापूर्वी संबंधितांचे म्हणणे ऐकण्याचे बंधन कायदा त्या सभागृहावर घालतो. बोलणारा शेजारचा घरमालक असू शकतो, भाडेकरू असू शकतो, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा असू शकतो किंवा त्या इमारतीत पुढेमागे घर मिळावे अशी आशा बाळगणाराही असू शकतो. सुनावणीला कोण आले हे त्या दिवशी कोणाला सवड होती आणि कोणाला प्रश्न जिव्हाळ्याचा वाटला यावर ठरते. अशा जमावातील हात मोजून शहराचे मत कळत नाही. तेथे मांडलेली कारणे मात्र तपासता येतात, आणि सुनावणी त्यासाठीच असते.

कायद्याला संख्या महत्त्वाची वाटते तेव्हा तो तसे स्पष्ट लिहितो. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने 1920 च्या दशकात राज्यांसाठी झोनिंगचा जो नमुना कायदा तयार केला, त्यात झोन बदलण्यापूर्वी किमान 15 दिवसांची सूचना देऊन जनसुनावणी घेण्याची अट होती. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद होती, जी या चर्चेत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रस्तावित बदलाच्या क्षेत्रातील किंवा त्याला लागून असलेल्या ठरावीक पट्ट्यातील 20 टक्के वा अधिक जमिनीच्या मालकांनी सही करून निषेध नोंदवला, तर साधे बहुमत पुरत नसे. सर्व सदस्यांच्या तीन-चतुर्थांश मतांनीच बदल मंजूर होऊ शकत असे. येथेही निर्णय सभागृहाचाच राहतो, फक्त त्यासाठीचा उंबरठा उंच होतो. शिवाय मोजली जाते ती जमीन. दहा हजार सह्यांचे निवेदन या तरतुदीपुढे निरुपयोगी ठरू शकते आणि लगतच्या चार मालकांचा अर्ज निर्णायक ठरू शकतो. हे न्याय्य आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. भाडेकरूला या मोजणीत स्थानच नाही, हे मला तरी खटकते.

खरेखुरे सार्वमत झोनबदलाला लावल्याची उदाहरणेही आहेत. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ईस्टलेक शहराने आपल्या सनदेत, म्हणजे शहराच्या कारभाराच्या मूळ नियमांत, अशी दुरुस्ती केली होती की नगर परिषदेने मंजूर केलेला जमीनवापरातील बदल मतदारांपुढे जावा आणि त्याला 55 टक्के मते मिळाली तरच तो अमलात यावा. बहुमजली निवासी इमारतीसाठी झोन बदलून मागणाऱ्या विकासकाने या अटीला न्यायालयात आव्हान दिले. 1976 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला: सार्वमत हा लोकांनी स्वतःकडे राखून ठेवलेला अधिकार आहे आणि तो अशा बदलासाठी वापरण्यास राज्यघटनेची आडकाठी नाही. ज्यांना ‘आम्हीच ठरवणार’ असे म्हणायचे असते, त्यांच्या मनातील व्यवस्था ही असते. पण ती त्या शहराच्या सनदेत लिहिलेली होती. ती केवळ सुनावणीला गर्दी केल्याने निर्माण होत नाही.

सुनावणीतही जनमताला किती वजन द्यायचे, हे निर्णयाच्या स्वरूपावर अवलंबून असते. संपूर्ण शहराचा आराखडा ठरवणे हे धोरण आखण्याचे काम आहे आणि त्यात लोकप्रतिनिधीने लोकांच्या पसंतीचा विचार करणे स्वाभाविक मानले जाते. पण एकाच भूखंडाचा झोन बदलणे हेही धोरणच आहे, की ते एका मालकाच्या अर्जाचा निवाडा करण्यासारखे आहे? ओरेगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये फसानो खटल्यात दुसरा पर्याय स्वीकारला. एका मालमत्तेपुरता केलेला बदल न्यायसदृश स्वरूपाचा असतो, म्हणून पक्षकारांना पुरावा मांडण्याची व खोडून काढण्याची संधी मिळाली पाहिजे, निर्णय घेणारे निःपक्षपाती असले पाहिजेत आणि निष्कर्षांची कारणे नोंदली गेली पाहिजेत, असे त्या न्यायालयाने म्हटले. ही भूमिका सर्वत्र मान्य झालेली नाही; अनेक ठिकाणी असा बदल आजही कायदा करण्याचाच भाग समजला जातो. मात्र जेथे ती लागू होते, तेथे नगरसेवकाला खासगीत फोन करून ‘आमचा सगळा मोहल्ला विरोधात आहे’ असे सांगणे ही लोकशाहीतील साधी रदबदली राहत नाही, तर न्यायाधीशाच्या घरी जाऊन खटल्याविषयी बोलण्याच्या जवळपास पोहोचते.

मग सुनावणीत कशाला वजन असते? मध्यम उंचीच्या इमारतींच्या बाबतीत हा प्रश्न विशेष रोचक आहे, कारण वाद बहुधा काही मीटरांचा असतो. टोरोंटोने 2010 मध्ये मुख्य रस्त्यांवरील अशा इमारतींसाठी जे निकष तयार केले, त्यांचा मूळ विचार सोपा आहे: इमारतीची उंची रस्त्याच्या रुंदीहून अधिक नसावी. असा निकष समोर असला की हरकतीलाही आकार येतो. ‘ही इमारत परिसराच्या स्वरूपाला शोभत नाही’ असे चाळीस जणांनी एकाच मसुद्यावर सही करून लिहिले, तर नियोजन विभागाच्या अहवालात त्याची एक ओळ होते. याउलट ‘मागील बाजूचे अंतर इतके कमी ठेवले तर हिवाळ्यात शाळेच्या मैदानावर दुपारभर सावली पडेल, वरचे दोन मजले मागे घेतल्यास ती टळेल’ असे एकाच व्यक्तीने लिहिले, तर विभागाला ते तपासावे लागते, उत्तर द्यावे लागते आणि कधी कधी प्रस्तावात बदलही करावा लागतो. सांडपाणी वाहिनीची क्षमता, मालवाहू गाड्यांची ये-जा, विस्थापित होणाऱ्या भाडेकरूंची सोय हे मुद्दे याच जातीचे आहेत. आणि हे समर्थनालाही लागू आहे: ‘घरे हवीत’ या वाक्यापेक्षा जवळच्या रेल्वे स्थानकापासूनचे अंतर आणि भागातील रिकाम्या भाड्याच्या घरांची टंचाई दाखवणारे निवेदन अधिक उपयोगी पडते.

ब्रिटनमध्ये 1947 च्या नगर नियोजन कायद्यापासून झोनपेक्षा प्रत्येक प्रकल्पाच्या परवानगीवर भर आहे. तरी तेथेही हीच रीत दिसते. निर्णयात कोणते मुद्दे विचारात घ्यायचे याची चौकट असते, आणि खिडकीतून दिसणारे दृश्य हरवणे किंवा शेजारच्या मालमत्तेची किंमत उतरणे ही कारणे सर्वसाधारणपणे त्या चौकटीबाहेर राहतात. ती शंभर वेळा मांडली तरी आत येत नाहीत.

या गोंधळाचा सारा दोष नागरिकांवर टाकणे मला पटत नाही. प्रतिसादाच्या अर्जावर सुरुवातीलाच ‘समर्थन’ आणि ‘विरोध’ असे दोन चौकोन छापायचे, अहवालात त्यांची बेरीज द्यायची, आणि मग ही मोजणी नव्हे असे व्यासपीठावरून सांगायचे, ही विसंगती प्रशासनाची आहे. मतपत्रिकेसारखा कागद हातात दिला की माणूस मत देऊन घरी जातो. शिवाय निवडून आलेला सदस्य पुढच्या निवडणुकीचा हिशेब मनात करतच असतो. संख्येचा परिणाम होतो तो या वाटेने, आणि तो नाकारणे भाबडेपणाचे ठरेल. फक्त ती राजकारणाची वाट आहे, सुनावणीची नव्हे.

दोन्ही व्यवस्थांमध्ये एक जण मात्र गैरहजर असतो: त्या इमारतीत उद्या राहायला येणारा. बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी मॅसॅच्युसेट्समधील शहरे व गावांच्या नियोजन बैठकांची इतिवृत्ते तपासली, तेव्हा बोलणारे लोक एकूण रहिवाशांच्या तुलनेत अधिक वयस्क, अधिक काळ तेथे राहिलेले आणि अधिक प्रमाणात घरमालक असल्याचे आढळले. नव्या घरांच्या बाजूने बोलणारे जेमतेम 15 टक्के होते. सुनावणीत हा तोल कारणे तपासून काही अंशी सावरता येतो. सार्वमतात तेही शक्य नसते, कारण दुसऱ्या शहरातून येऊ इच्छिणाऱ्याला येथे मतच नसते.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने या पेचावर 2023 मध्ये वेगळाच तोडगा काढला. शहराच्या अधिकृत आराखड्याशी सुसंगत असलेल्या, प्रामुख्याने निवासी प्रस्तावाच्या झोनबदलावर स्थानिक संस्थेने जनसुनावणी घेण्यासच तेथील कायद्याने मनाई केली. लोकांचे म्हणणे ऐकण्याची जागा त्यामुळे एक पायरी मागे, आराखडा ठरवण्याच्या टप्प्यावर सरकली. एखाद्या भूखंडाचा बदल येतो तेव्हा तेथे नोटीस निघते, पण सुनावणीची तारीख तिच्यात नसते. त्या रस्त्यावर सहा मजले असावेत की नाही याचा वाद आधीच, अशा वेळी घालावा लागतो, जेव्हा कोणत्याही इमारतीचे चित्र डोळ्यांपुढे नसते आणि रंगीत नकाशातील एका पट्ट्यासाठी शेजाऱ्यांना घराबाहेर काढणे सर्वांत अवघड असते.