पाने कापणाऱ्या मुंग्या : वाट गंधाची, निवड बुरशीची

डोक्यावर हिरव्या पानाची फाक धरून निघालेल्या मुंग्यांचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर आला की जालन्याच्या मोसंबीवाल्यांचा पहिला प्रश्न असतो, आपल्या बागेला यांचा धोका किती? काहीच नाही. ‘अट्टा’ आणि ‘अ‍ॅक्रोमिर्मेक्स’ या वंशांतल्या या मुंग्या फक्त अमेरिका खंडांत आढळतात, युनायटेड स्टेट्सच्या दक्षिण भागापासून अर्जेंटिनापर्यंत. आपल्या बांधावरच्या दाणे वेचणाऱ्या मुंग्या वेगळ्या. त्या गवताचे बी आणि खळ्यावर सांडलेली ज्वारी नेतात. बिळाच्या तोंडाभोवती टरफलांचे कडे पडलेले दिसले, की त्याच समजाव्यात. भिजलेले बी त्या पावसानंतर बाहेर काढून उन्हात घालतात, हे साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२९ मध्ये पुण्यात टिपले होते.

पानांचे काय होते, हे मात्र बरीच वर्षे कळले नव्हते. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात फिरलेल्या बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १८६३ मध्ये लिहिले, की पाने बिळाच्या छपरासाठी असतात. निकाराग्वातल्या खाणीवरचा अभियंता थॉमस बेल्ट याने वारुळे खणून पाहिली आणि १८७४ मध्ये सांगितले, की पान हे खत आहे आणि पीक बुरशीचे. ब्राझीलमध्ये मोलर या जर्मन अभ्यासकाने १८९३ मध्ये त्याला दुजोरा दिला. (आपल्याकडे बुरशीची अशी शेती वाळवी करते, पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या अळिंब्या त्याच शेतातल्या.)

कामाची वाटणी अंगलटीवर ठरते. साधारण २.२ मिलिमीटर रुंद डोक्याच्या मुंग्या पान कापतात. वारुळात त्यांच्याहून लहान मुंग्या त्या फाकेचे बारीक तुकडे करतात, चाटून-चावून त्यांचा लगदा करतात, त्यावर विष्ठेचा थेंब सोडतात आणि बुरशीचा पुंजका रोवतात. एक मिलिमीटरच्या आतबाहेर डोके असलेल्या मुंग्यांकडे त्या बुरशीची निगराणी.

मुकादम कोणी नसतो. चांगले झाड सापडलेली मुंगी परतताना पोट जमिनीला टेकवत गंध सोडते, मागून येणाऱ्या त्यात भर घालतात. ‘अट्टा’च्या या गंधातले मुख्य द्रव्य १९७१ मध्ये ओळखले गेले. मुंग्यांच्या वाटेचे रसायन नेमके हाती लागण्याची ती पहिलीच वेळ. गंध उडून जातो, म्हणून ओस पडलेली वाट आपोआप पुसली जाते. यातली खोट ब्रुसेल्समधल्या प्रयोगांत दिसली, वारूळ आणि खाणे यांच्यामध्ये ठेवलेल्या दोन फाट्यांच्या छोट्या पुलावर. त्यातल्या मुंग्या अर्जेंटाईन, पाने न कापणाऱ्या; पण वाट त्याही गंधानेच आखतात. लांबचा फाटा आधी रुळला आणि जवळचा नंतर उघडला, तर बहुतेक मुंग्या लांबूनच जात राहिल्या.

झाड गंधाने सापडते, पण पान पसंत पडायचे ते बुरशीला. बुरशीनाशक लावलेला माल मुंग्या सुरुवातीला बिनदिक्कत नेतात. बुरशी आजारली, की तोच माल काही आठवडे शिवत नाहीत. स्वतःला अपाय झालेला नसतानाही.

तिकडच्या बागायतदारांची या मुंग्यांसाठीची विषारी आमिषे यामुळेच अवघड. ती बहुधा संत्र्याच्या वाळवलेल्या गराची, गोळ्यांच्या रूपात असतात. विष जहाल असेल तर गोळी उचलणाऱ्या तेवढ्या मरतात, राणी आणि आतला पसारा शाबूत राहतो. नुसते बुरशीनाशक घातले, तर वर सांगितल्याप्रमाणे माल नाकारला जातो. म्हणून सल्फ्लुरामिडसारखे सावकाश भिनणारे औषध वापरतात. गोळ्या वाटेच्या कडेला, कोरड्या जमिनीवरच टाकायच्या; भिजून विरघळलेली गोळी मुंग्या उचलत नाहीत.