कोलारच्या सायनाइड टेकड्या: धुतलेली माती पुन्हा धुण्यामागची गोष्ट

सोनाराच्या दुकानातली झाडलोट आणि भट्टीतली राख विकत घेऊन झारेकरी ती धूत बसतो, कणकण सोनं काढतो. कर्नाटकातल्या कोलारला हेच करायचं घाटतंय. फक्त तिथली झाडलोट म्हणजे सोन्याच्या खाणीतून उरलेल्या मातीच्या टेकड्या, आणि ती सुमारे ३ कोटी ३० लाख टन आहे.

१८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने इथे सोन्याच्या खाणीचं काम सुरू केलं. तेव्हा दगड कुटून भुकटी करायची आणि पाऱ्यात सोनं धरायचं, एवढीच रीत होती. पाऱ्याला मोकळं सोनं सापडतं. गंधकयुक्त खनिजात अडकलेलं तसंच वाहून जातं. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या खाणी खोल गेल्या तेव्हा याच कारणाने अडचणीत आल्या.

उतारा निघाला ग्लासगोत. सोनं सायनाइडात विरघळतं हे स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शेलेने अठराव्या शतकातच पाहिलं होतं, पण १८८७ मध्ये मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी त्याची कारखान्यात चालेल अशी पद्धत बसवली. अगदी पातळ द्रावण, हवेतला ऑक्सिजन, विषारी वायू सुटू नये म्हणून चुना आणि शेवटी सोनं खाली बसवायला जस्ताचा कीस. काही वर्षांतच विटवॉटर्सरँडला ही पद्धत रुळली, मग कोलारलाही आली. कोलारच्या टेकड्या या धुण्यातूनच उरल्या. म्हणून लोक त्यांना सायनाइड टेकड्या म्हणतात.

मग धुतलेल्या मातीत राहिलं काय? टनामागे एक ग्रॅमसुद्धा नाही. पण १९७१ पर्यंत औंसाला ३५ डॉलरवर बांधलेला सोन्याचा भाव जानेवारी १९८० मध्ये ८५० वर गेला. सत्तरच्या त्याच दशकात विरघळलेलं सोनं जस्ताऐवजी कोळशावर शोषून घेण्याची स्वस्त पद्धतही आली. जोहान्सबर्गमध्ये जुने ढिगारे पाण्याच्या माऱ्याने फोडून पुन्हा गाळायला सुरुवात झाली. कचरा कशाला म्हणायचं, हे बाजारभाव ठरवू लागला.

धोका मात्र जुनाच. ३० जानेवारी २००० रोजी रुमानियात बाया मारेला एका कारखान्याचा बांध फुटला आणि सुमारे १ लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी नद्यांत शिरलं. तो कारखाना जुन्या ढिगाऱ्यांतूनच सोनं काढत होता.

कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली, टेकड्या राहिल्या. जून २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने १३ टेकड्यांतून पुन्हा सोनं काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला संमती दिली. वारा सुटला की त्यांची धूळ आजही वस्त्यांवर येते.